तारेवरची हळद

तारेचं वेल्डिंग मशीन तब्येतीत असलं की कढईत भजी सोडल्यासारखा आवाज येतो. एकसारखा, चुरचुर चुरचुर. त्यात मधेच फट्‌ फट्‌ व्हायला लागलं की समजायचं, आता दादाराव मिस्त्रीला बोलावणं जाणार. दादाराव मिस्त्री म्हणजे मीच. जालन्यात मस्तगडला एका बोळात माझं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाईकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. एक्क्याऐंशी साली मी जळालेल्या मोटारी भरायला शिकलो, म्हणजे त्यात नवी तांब्याची तार गुंडाळायला. पुढं वेल्डिंगच्या मशीनकडं वळलो आणि त्यातच केस पिकले.

स्वभावानं मी तिखट. गिऱ्हाईकानं "मिस्त्री, असं तर झालं नसंल?" एवढं म्हटलं की मी पाना त्याच्या हातात द्यायचो, "घ्या, तुम्हीच करा मंग." माणूस गप्प बसायचा. माझी बायको म्हणायची, "जिल्ह्याची मशीनं दुरुस्त करून राह्यले, पण तुमच्या तोंडाला कुणीतरी दोन टाके मारायला पायजेत." ती खरं बोलायची. हे पुढं कळेलच.

ज्यांनी ही मशीनं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आधी सगळीकडं काडीचं वेल्डिंग. चिमट्यात काडी धरायची, लोखंडाला टेकवायची, ठिणगी पडते, काडी वितळते आणि सांधा जुळतो. जाड लोखंडाला ते उत्तम. पण कपाटाच्या पातळ पत्र्याला काडी लावली की पत्र्यालाच भोक. त्याला तारेचं मशीन लागतं. त्यात एक रीळ असतं, त्यावर दोऱ्यासारखी बारीक तार, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. दोन लहान चाकं ती तार चिमटीत धरून पुढं ढकलतात. मग ती लांब नळीतून हातातल्या टॉर्चच्या तोंडाशी येते आणि वितळते. टॉर्च म्हणजे बॅटरी नव्हे, वेल्डिंगची मूठ. तिच्यातूनच सिलिंडरचा गॅसही येतो. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. हवा लागली की वेल्डिंगला बारीक बारीक भोकं पडतात. आम्ही त्याला जाळी म्हणतो. जाळीदार अनरसा चांगला, जाळीदार वेल्डिंग बेकार.

सुरुवातीला ही मशीनं फक्त कारखान्यांत होती. नव्वदीनंतर कुठं लिलावात, कुठं ओळखीनं ती बाहेर पडली आणि खेड्यापाड्यांत घरांच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथून माझं नशीब उघडलं. कारखान्यात मशीनची काळजी घ्यायला माणूस असतो. घरात सगळेच तिची काळजी घेतात, आणि तेच जास्त अवघड.

वाटूरला एक जण नांगर-वखरं दुरुस्त करायचा. त्याची तक्रार अशी, की सकाळचं वेल्डिंग काचेसारखं आणि दुपारचं सगळं जाळीदार. मी दोनदा सकाळी गेलो आणि दोनदा मशीन शहाण्यासारखं वागलं. तिसऱ्यांदा मुद्दाम दुपारी गेलो. बघतो तर काय, घामानं हैराण झालेल्या नवऱ्यासाठी त्याच्या बायकोनं टेबलफॅन आणून बरोबर त्याच्या हातावर सोडलेला! गॅस बिचारा बाहेर येतो आणि फॅन त्याला उडवून लावतो. मी म्हणालो, "फॅन पाठीमागं घ्या, न्हाई तर घाम गाळा." तो म्हणाला, "फॅन काढला तर ही रुसंल हो." शेवटी फॅनच्या आडवा पत्र्याचा तुकडा उभा केला. वेल्डिंगही सुधारलं आणि संसारही टिकला.

दुसऱ्या एका गावात गॅसच येईना. मशीन पावसाळाभर झाकून ठेवलेलं. सिलिंडर भरलेला, नळी नीट. टॉर्चच्या तोंडात डोकावलो तर आत मातीचं घर. कुंभारीण माशीनं बांधलेलं, गोल, सुबक, बुडाला पक्कं चिकटलेलं. मी खिळा घेतला तसं आतून म्हातारी धावत आली, "हात लावू नका! सूनबाई पोटुशी हाय. कुंभारणीचं घर मोडत न्हाईत." मी तापलो. म्हणालो, "आजी, मला हे चालू करून जालन्याला जायचंय." म्हातारी हलेना. शेवटी पिशवीतलं नवं तोंड टॉर्चला बसवलं आणि ते जुनं कुंभारणीसकट म्हातारीनं देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. पुढं त्या घरात मुलगी झाली. पेढे आले तेव्हा निरोपही आला, की मिस्त्री रागीट आहे पण माणूस चांगला.

अशा गोष्टी सांगायला मला आवडतं, कारण त्यात मीच शहाणा ठरतो. पण एक गोष्ट टेंभुर्णीची आहे. त्यात मी शहाणा ठरलो नाही, आणि माझ्या सगळ्या कामात तीच मला जास्त आठवते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. टेंभुर्णीला रावसाहेब नावाचे एक जण घरीच कपाटं बनवायचे. शांत माणूस, साखरेचा आजार, कायम काळा चष्मा. वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा म्हणजे त्यात विशेष काय? मला काहीच वाटलं नाही. शेत दोन एकर, तेही कोरडवाहू. घर चालायचं ते कपाटांवर. त्या वर्षी गावात सामुदायिक विवाहाचं ठरलं होतं. अकरा लग्नं एका मांडवात, आणि कमिटीकडून प्रत्येक जोडप्याला एक लोखंडी कपाट. कमिटीचे मुख्य गावातले मोठे शेतकरी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी ही अकरा कपाटं जालन्याच्या दुकानाला न देता गावच्या माणसाला दिली. रावसाहेबांना एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं. तुळशीच्या लग्नानंतर दहाव्या दिवशी मांडव. आणि दसरा होतो न होतो तोच मशीन बिघडलं.

मी गेलो. ओट्यावर मशीन, बाजूला कापलेल्या पत्र्याची थप्पी, दोन कपाटं अर्धी उभी. रावसाहेब खुर्चीवर बसलेले.

"काय होऊन राह्यलं?" मी विचारलं.

"तार अडकती. अन् जाळी पडती."

"जरा करून दाखवा."

"तुम्हीच करा ना मिस्त्री. तुमच्यासमोर आम्ही काय हात चालवावा?"

मी फुगलो. मला वाटलं, काय मान देतो हा माणूस! टॉर्च घेतली, चालू केलं. बोटभर वेल्डिंग झालं आणि फट्‌! झाकण उघडून बघतो तर चाकांपाशी तारेचा गुंता. चिमणीचं घरटं बघा, तसा. तार पुढं जात नाही, चाकं मात्र ढकलत राहतात, मग ती तिथंच गोळा होते. गुंता काढला. चाकांवर पिवळसर भुकटी होती. ती बोटावर घेतली, चष्मा वर करून बघितली आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "तांब्याचा मुलामा निघून राह्यला. चाकं झिजलीत." पेट्रोलच्या फडक्यानं चाकं पुसली, दाबाचा स्क्रू आवळला. मशीन झकास चाललं. चहा घेतला. चहा घेऊन रावसाहेबांच्या पत्नी आल्या होत्या, सिंधूवहिनी. चाळिशीच्या आतबाहेर, हातावर बारीक बारीक डाग. मला वाटलं, फोडणीचे असतील.

चार दिवसांनी निरोप आला, पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला मी नवी चाकं घेऊन गेलो. टॉर्चच्या तोंडाची तांब्याची टीपही बदलली. तिच्यातल्या भोकातून तार बाहेर येते, ते भोक जळून बारीक झालं की तार अडकते. मी वाकून काम करत होतो, तेवढ्यात सिंधूवहिनी दाराशी आल्या.

"भाऊ, ती तार जवा..."

"वहिनी, बाजूला सरा, करंटचं काम हाय," मी म्हणालो. मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. त्या आत गेल्या. मशीन पुन्हा झकास चाललं आणि मी एस.टी.नं घरी आलो.

आठ दिवसांनी तिसरा निरोप. आता दिवाळी तोंडावर आलेली. अकरातली तीन कपाटं तयार, बाकीच्यांचे पत्रे ओट्यावर पडून. माझं डोकं तापलेलंच होतं. तिसऱ्यांदा जायचं म्हणजे आपलीच नाचक्की. गेलो, सगळं खोललं. अर्थिंगचा चिमटा घासून घेतला, गॅस तपासला, पंख्याबिंख्याची शंका फेडून घेतली. तार ढकलायची मोटर हातानं फिरवून बघितली आणि शेवटी जे मनात आलं ते बोलून टाकलं. कारण सापडलं नाही असं म्हणायची मला सवय नव्हती.

"रावसाहेब, मोटर गेली. ह्या जुन्या मशीनची मोटर आता भेटत न्हाई. भंगारात घाला."

रावसाहेब म्हणाले, "मंग अण्णांना सांगून टाकतो. जालन्यातून आणतील कपाटं. अकरा पोरींची लग्नं हायेत, आपल्यापायी खोळंबा नको व्हायला."

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच टोचलं. पिशवी भरली आणि स्टँडकडं निघालो. गाडीला वेळ होता. वडाच्या पाराशी उभा राहिलो तर मागून सिंधूवहिनी जवळजवळ पळतच आल्या. हातात माझा स्क्रूड्रायव्हर.

"हे विसरलात भाऊ."

मी काही विसरत नसतो. स्क्रूड्रायव्हर पिशवीच्या तळाशी असतो. मी त्यांच्याकडं बघितलं.

"मीच काढून घेतला," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी बोलायचं होतं. तिथं तुम्ही बोलू दिलं न्हाई. आता रागावू नका. मोटर कमजोर असंल तर तार आधीपासून धिम्मी यायला पायजे ना?"

मी पाना हातात द्यायच्या बेतात होतो, पण पाना पिशवीत होता. म्हणून ऐकून घेतलं.

"ती तर पयल्यांदा बराबर येती. चांगली वीतभर. मंग नळीत खरखर हाताला लागती, बारीक. त्याच्यानंतर तार घसरती अन् मंग अडकती. जाळी तर अडकायच्या आधीपासूनच पडती. मोटर गेल्यावर जाळी कामून पडंल?"

मी आ वासून उभा. मोटर कमजोर झाली तर जाळी पडत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी बोलून गेलो होतो. पण मला दुसऱ्याच शब्दानं धरलं होतं.

"हाताला खरखर लागती? कुणाच्या हाताला?"

त्यांनी पदर सारखा केला. इकडंतिकडं बघितलं.

"माझ्या."

मग सगळं कळलं. साखरेनं रावसाहेबांच्या डोळ्यांचा पडदा गेला होता. दीड वर्षापासून त्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळत होत्या. जालन्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून कपाटं वहिनी करत होत्या, मशीन आत घेऊन, दार लोटून. आवाज बाहेर जायचाच, पण रावसाहेबही आतच बसलेले, तेच करतात असं गावाला वाटायचं. घरातल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "ह्यांच्या नावावर काम भेटतं," वहिनी म्हणाल्या. "आंधळा माणूस अन् बाई कपाट करून राह्यले म्हटल्यावर कोण देईल? अण्णा तर बिलकुल देणार न्हाईत. हे काम गेलं तर आमच्याकडं पुन्हा कुणी यायचं न्हाई."

मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तीन खेपा मी ज्याच्या हातात टॉर्च नव्हती त्याला मशीनचा आजार विचारत होतो, आणि जिच्या हातात होती तिला करंटपासून दूर राहायला सांगत होतो!

"वहिनी, चुकलं माझं," मी म्हणालो. पंचवीस वर्षांत गिऱ्हाईकाला हे पहिल्यांदा म्हणालो असेन. "आता मला सांगा, बिघडलं कवापासून?"

"दसऱ्यानंतर."

"दसऱ्याला काय केलं मशीनचं?"

"काय करणार? नवमीला पूजा केली. धुतलं न्हाई बरं, करंटचं हाय म्हणून. फडक्यानं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं."

"हळद कुठं वाहिली?"

"कुठं म्हणजे? तारेच्या रिळावर. काम तर तीच करती ना?"

माझ्या डोळ्यांपुढं ती पिवळी भुकटी आली. जी मी बोटावर घेऊन, चष्मा वर करून, तांब्याचा मुलामा म्हणून सांगितली होती.

"अन् तेल?"

"तेल लावलंच की. विळ्याला, कुऱ्हाडीला लावतो तसं. तारेला गंज चढू न्हाई म्हणून. घरचं करडीचं, घाण्याचं हाय, चांगलं वाटीभर जिरवलं."

मी पारावर बसलो आणि हसायला लागलो. थांबता येईना. वहिनींचा चेहरा लाल झाला. "देवाचं केलं त्याला हसता?"

"देवाला न्हाई, वहिनी. मी माझ्या अकलेला हसून राह्यलो."

आमच्या घरी नवमीला अवजारांची पूजा नसते. दसरा आमच्यासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. बाकीची दुकानं फुलं-नारळ करतात हे मी दरवर्षी बघायचो, पण मशीनच्या पोटात काय काय जात असेल हा विचार कधी केलाच नव्हता. करडीचं तेल विळ्याला अमृत आहे. पण वाळलं की ते डिंकासारखं चिकट होतं. तारेवरून ते नळीत गेलं, हळद आणि धूळ त्यात बसली, नळी आतून चोंदली. चाकांची पकड सुटायची, तार घसरायची. आणि तेल लागलेली तार ठिणगीत गेली की तेल जळून धूर होणार आणि जाळी पडणार. मी चाकं पुसायचो म्हणून दोनचार दिवस बरं चालायचं. दाबाचा स्क्रू आवळून तर मी तार चपटीच करत होतो, म्हणजे आणखी अडकायला मदत. तीन खेपांत मी मशीनचं भलं केलं नव्हतंच, वर मोटरला फाशी सुनावली होती.

गाडी आली आणि गेली. मी वहिनींबरोबर परत घरी गेलो.

रावसाहेबांनी चाहूल ओळखली. "मिस्त्री, पुन्हा?"

"मोटर चांगली हाय, रावसाहेब. मिस्त्री खराब होता."

रिळावरचे तेल लागलेले थर आम्ही काढून टाकले, खालची तार कोरडी लखलखीत निघाली. नळीच्या आतलं स्प्रिंगसारख्या गुंडाळीचं अस्तर बाहेर ओढलं, पेट्रोलनं तीनदा धुतलं. पहिल्या धुण्याला जे पिवळं पाणी निघालं ते बघून वहिनी तोंडावर पदर घेऊन हसल्या. मग सायकलच्या पंपानं हवा मारली आणि अस्तर उन्हात वाळत घातलं, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. ठिणगीशी खेळताना त्यात घाई चालत नाही.

मग मशीन आत घेतलं, दार लोटलं आणि मी टॉर्च वहिनींच्या हातात दिली. "घ्या, तुम्हीच करा."

हे वाक्य मी आयुष्यभर टोमण्यानं म्हणत आलो. त्या दिवशी तसं नव्हतं.

त्यांनी पदर खोचला, काच तोंडापुढं धरली. रावसाहेब खुर्ची ओढून जवळ बसले, तोंड भिंतीकडं, कान इकडं. ठिणगी पडली. चुरचुर चुरचुर. "हात जरा जल्दी," रावसाहेब म्हणाले. "कोपऱ्याला थांबू नको, भोक पडंल." आवाजावरून! मला डोळे असून तीन खेपांत जे दिसलं नव्हतं ते ह्या माणसाला ऐकू येत होतं. हातभर टाका झाला, दीड हात झाला, तार अडकली नाही. वहिनींनी काच खाली घेतली. मी वेल्डिंगवर बोट फिरवलं. बारीक, सरळ, एकसारखं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहून टाकतो.

निघताना वहिनींनी शब्द घेतला, "भाऊ, कपाटं पोचेपर्यंत गावात बोलू नका." मी मान हलवली.

पुढचे दिवस त्या दोघांनी कसे काढले त्यांनाच ठाऊक. वीज असली की काम, गेली की रंग. तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर मला मांडवाचं आमंत्रण आलं, आणि मी गेलो. अकरा कपाटं मांडवाच्या कडेला ओळीनं उभी होती, हिरव्या रंगाची, प्रत्येकाला आरसा. मला इतकं बरं वाटलं की मी एकेकाचं दार उघडझाप करत सुटलो.

पण गावात बातमी फुटली होती. कुणीतरी दाराच्या फटीतून बघितलं असणार. अण्णा माझ्याकडं आले, मागं कमिटीची पाचसहा माणसं. बायका आधीपासून कपाटांभोवती जमलेल्याच होत्या. रावसाहेब एका बाजूला काठी धरून उभे, पलीकडं बायकांत सिंधूवहिनी.

"मिस्त्री, तुम्ही जाणते हात," अण्णा म्हणाले. आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "लोक म्हणून राह्यले की रावसाहेबाला दिसत न्हाई. मंग हे टाके मारले कुणी? उद्या एखाद्या पोरीच्या घरी दार निखळलं तर नाव कमिटीचं जाईल. तुम्ही मशीन बघायला आल्ता. खरं सांगा."

मी वहिनींना शब्द दिला होता. आणि खरं सांगू, मी घाबरलोही होतो. आत्ता खरं बोललो आणि अण्णांनी कपाटं परत पाठवली तर?

"रावसाहेबांनीच मारले," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

रावसाहेबांची मान खाली गेली. आणि बायकांतून आवाज आला, "खोटं कामून बोलता भाऊ?"

सिंधूवहिनी पुढं आल्या. हात त्यांनी कपाटावर टेकवला.

"अण्णा, टाके माझे हायेत. अकराचे अकरा. निखळलं तर कमिटीला न्हाई, मला बोलवा. मी घरी येऊन लावून देईन."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अण्णांनी जवळच्या कपाटाचं दार उघडलं, वरच्या कोपऱ्याला धरून पूर्ण वजनानं खाली दाबलं. भरल्या अंगाचा माणूस. दार हललं नाही. त्यांनी दुसरं उघडलं, ते दाबलं. तिसरं. तेवढ्यात एका नवरीकडची म्हातारी पुढं सरली. तिनं अण्णांना हातानं बाजूला सारलं, वाकून कपाटाच्या आतल्या सांध्यावर बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, चोळीची शिवण बघावी तसं.

"टाका बारीक हाय गं," म्हातारी म्हणाली. "माझ्या नातीचं कपाट हेच राहू द्या. बदलायचं न्हाई."

"बदलायला कोण म्हणून राह्यलं, काकू?" अण्णा दार लावत म्हणाले. मग वहिनींकडं वळले. आवाज बराच खाली आलेला. "आमच्याकडं धान्याची कोठी करायची हाय पत्र्याची. मांडव उठला की बघायला या. दोघं या."

बायकांत एकदम कलकलाट झाला. म्हातारीनं वहिनींचा हात धरून त्यावरचे बारीक डाग बघितले. "हे कुणाकडं शिकलीस गं?"

आता आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, चारचौघांत तर नाहीच. वहिनी गालात हसल्या, तोंडातून शब्द काढला नाही. नुसतं बोट केलं. सगळ्या बायकांच्या माना तिकडं वळल्या, अण्णांची वळली, हसू फुटलं, कुणी टाळ्याही वाजवल्या.

रावसाहेबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि चाचपत माझी बाही धरली.

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "लोक कामून हसून राह्यले? कुणाकडं बोट केलं तिनं?"

"तुमच्याकडं, रावसाहेब," मी म्हणालो. "सगळा मांडव तुमच्याकडं बघून राह्यलाय."